विचारून बांधलेली वाट

आमच्या डोंगराळ जिल्ह्यात मोकळ्या जागा सांभाळणारा एक विभाग आहे, हे ऐकून बाहेरगावचे पाहुणे हसतात. मोकळी जागा ती मोकळी, तिला सांभाळायचं काय, ती काय पळून जाणार आहे? अशा पाहुण्यांना मी आमच्या पाट्यांच्या गोदामात नेतो. तिथे एक पाटी आहे, 'कुत्रा दोरीने बांधावा.' तिच्या शेजारी दुसरी, 'दोरीचं दुसरं टोक हातात धरावं.' ही दुसरी आम्ही हौसेने केलेली नाही. पहिली वाचून लोक कुत्र्याला दोरी बांधत आणि दोरीसकट सोडून देत. दोन्ही पाट्या मीच रंगवल्यात. विभागात पाट्या रंगवणारा मी एकटा, त्यामुळे लोकांच्या अकलेचा जेवढा अंदाज मला आहे तेवढा खुद्द साहेबांनाही नसावा.

पण ही माझी गोष्ट नाही, माझ्या वहिनीची आहे. ती याच विभागात पायवाटांची मुकादम. डोंगरावर चढायच्या वाटा, नदीवर उतरायच्या वाटा, त्यांच्या पायऱ्या, कठडे, पाणी काढून द्यायचे चर, सगळं तिच्या टोळीकडे. हातात कायम पहार, म्हणून विभागात तिला पहारबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण हातात कायम पहार असते.

वहिनीला माणसांत वागायचं वळण कधी लागलंच नाही. कुणाच्या घरी नेली तर घरातल्या माणसांआधी ती जिना बघते. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी तिने मुलीच्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुमच्या अंगणातलं पाणी भिंतीत जातं, माहितीये ना तुम्हाला?" मुलगी राहिली बाजूला, सगळी मंडळी अंगणात जाऊन भिंत बघत बसली. लग्न तरीही झालं. भिंत पुढच्या पावसात पडली, आणि तेव्हापासून माझे सासरे जावयापेक्षा जावयाच्या वहिनीला जास्त मान देतात.

तिच्या कामातलं एक कसब मात्र मानलं पाहिजे. लोकांना बांधलेल्या वाटेने चालण्यात कमीपणा वाटतो. वळण आलं की ते टाळून सरळ खाली घुसतात आणि आडवाट पाडतात. मग तिथली माती वाहते, मुळं उघडी पडतात, उताराची घळ होते. अशी आडवाट बुजवणं हे वहिनीचं काम. पाटी लावून उपयोग नाही, पाटी वाचायला लोक आडवाटेनेच येतात. ती माती भुसभुशीत करते, झुडपं लावते, वाळलेली खोडं आडवी टाकते, दगड शेवाळाची बाजू वर ठेवून बसवते. महिन्याभराने जा, इथे कधी माणूस चालला होता यावर चालणाऱ्याचाही विश्वास बसत नाही. हे कौतुकाने सांगतोय, पण याच कौतुकाने पुढे आमचं वाटोळं केलं.

माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, नदीवरचा माणूस. फुगवलेल्या होडीतून हौशी लोकांना खळाळत्या पाण्यातून न्यायचं, बुडू द्यायचं नाही आणि बुडतोय असं मात्र वाटू द्यायचं, हा त्याचा धंदा. एकदा अडकलेली होडी सोडवायला पाण्यात उतरला आणि त्याचा पाय दोन खडकांच्या फटीत गेला. जीव वाचला, गुडघा वाकायचा थांबला. तेव्हापासून काखेत कुबड्या. घरात बसून तो फाटलेली तरंगजाकिटं शिवायचा, आणि शिवता शिवता सगळ्या घराला टोचत राहायचा.

आमच्या गावातून नदीवर उतरायला सरकारी जागा एकच. एका बाजूला कडा, त्याला लागून एक अरुंद पट्टा, दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढा. त्यातली वाट म्हणजे वाट नव्हतीच, घळ होती. होडीवाले, पोहणारे, गळ टाकणारे, सगळे त्या घळीतून घसरत खाली जात. कुबड्या घेऊन तिथे उतरणं शक्यच नव्हतं. पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला एका निवृत्त मास्तरीणबाईंचं कुरण होतं, हळूहळू उतरत नदीपर्यंत जाणारं. शहाणे लोक बाईंच्या कुरणातूनच उतरायचे.

वहिनीने ठरवलं, घळ बुजवायची आणि कुरणातून चांगली वाट काढायची. कागदोपत्री कारण होतं जमिनीची धूप. खरं कारण घरात जाकिटं शिवत बसलं होतं. आता, आमच्या विभागाची पद्धत अशी की काम आधी सुरू करावं, जमीन कुणाची ते भांडण झाल्यावर बघावं. पण वहिनी सरळ मास्तरीणबाईंच्या दारात गेली. पाटी कुठे रोवायची ते बघायला मीही बरोबर होतो.

"बाई, तुमच्या कुरणातून वाट बांधू का? माझ्या माणसाला नदीवर जाता येईल. बाकीचेही येतील मागोमाग."

मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एवढे दिवस येतायतच की सगळे. तू पहिली, जी विचारायला आलीस. बांध. आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

वाट झाली. इतकी अलगद उतरणारी की चालणाऱ्याला आपण उतरतोय हे नदीशी पोचल्यावर कळावं. दादा कुबड्यांवर एकटा खाली गेला आणि दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना शिव्या घालू लागला. "डावं वल्हं मार, डावं! डावं म्हणजे कुठलं माहितीये का?" दुपारपर्यंत त्याचा घसा बसायचा. घरातली कटकट निम्म्यावर आली. त्या दिवसांत मी वहिनीच्या पाया पडायचा बाकी होतो.

आणि घळ? घळ तिने अशी बुजवली की दुसऱ्या जिल्ह्यांतले अधिकारी खास बघायला यायचे, आणि त्यांना ती सापडायची नाही. न सापडणं हेच यश असल्याने सगळे समाधानाने परत जायचे. मी तिथे पाटी लावली होती, 'जमीन बरी होत आहे. कृपया पाऊल टाकू नका.'

पुढे मास्तरीणबाई थकल्या, मुलीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. घर एका निवृत्त दंतवैद्यांनी घेतलं. आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणून गप्प बसवलेला माणूस, त्याला शांततेची सवय. आल्या आल्या त्यांनी जमीन मोजून घेतली आणि अत्यंत नम्रपणे कळवलं की तुमची वाट संपूर्णपणे माझ्या कुरणात आहे, ती मी बंद करतोय, तसदीबद्दल क्षमस्व. विभागात पळापळ झाली. सरकारी पट्टा कुठला, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी झुडपांकडे बोट दाखवलं.

विभागाचे वकील मात्र खुशीत होते. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. लोक वर्षानुवर्षं कुणाला न विचारता एखाद्या जमिनीतून चालत असतील, तर ती वाट लोकांची होते. पण मालकाला विचारून चालत असतील, तर ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी मालकाबरोबर जाते. म्हणजे घुसखोराला हक्क आणि सभ्य माणसाला कुंपण. कायदा करणाऱ्यांना माणसांची किती खोल पारख असते बघा.

"तेव्हा," वकील वहिनीकडे वळून म्हणाले, "कुणी परवानगी मागितली होती का, एवढंच ते तुम्हाला विचारतील. खोटं बोला असं मी मुळीच म्हणत नाही. आठवत नाही, एवढं म्हटलं तरी पुरे."

परवानगीची गोष्ट माहीत असलेली माणसं आता तीन, आणि तिन्ही आमच्या घरात जेवणारी. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दादाने विषय काढला नाही. जेवताना वहिनीच्या ताटात त्याने स्वतःहून वाढलं. दादा कुणाला वाढतो हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, इतकी वर्षं झाली, कुणाला काय आठवतं?" वहिनी म्हणाली, "हं." त्या 'हं'वर आम्ही दोघे भाऊ निश्चिंत झोपलो, ते आमचं चुकलं.

सुनावणी विभागाच्याच सभागृहात होती. जमिनींच्या अधिकारी बाई मध्ये, दंतवैद्य एकीकडे, आमचे साहेब आणि वकील दुसरीकडे. मागे अर्धं गाव. दादा कुबड्या भिंतीला टेकवून शेवटच्या रांगेत. पाट्या रंगवणाऱ्याला साक्षीला कोण बोलावतं, त्यामुळे मी दाराशी उभा.

अधिकारी बाईंनी विचारलं, "वाट बांधताना मालकिणीची परवानगी घेतली होती का?"

वहिनी उठली. तिने एकदा मागे बघितलं. दादा खाली मान घालून बसला होता.

"हो," ती म्हणाली. "मी स्वतः मागितली होती. त्यांनी दिली होती."

"लेखी?"

"तोंडी. मग चहा दिला."

"चहा लिहू नका," अधिकारी बाई टंकलेखकाला म्हणाल्या.

आमचे वकील कागद इतके शांतपणे पिशवीत भरू लागले की मला त्यांचं कौतुक वाटलं. साहेबांच्या चेहऱ्यावरून वहिनीची बढती उतरून गेलेली स्पष्ट दिसली. आणि दंतवैद्य, ज्यांचा विजय झाला होता, ते बिचारे एकटेच ओशाळले होते.

घरी आल्यावर दादाने कुबड्या कोपऱ्यात भिरकावल्या. मग म्हणाला, "आठवत नाही, एवढंच म्हणायचं होतं."

"आठवतंय ना पण."

"मास्तरीणबाई काय वरून येऊन जाब विचारणार होत्या?"

"त्या येऊ शकत नाहीत म्हणूनच," वहिनी म्हणाली. "आम्ही दांडगाईने त्यांच्या कुरणातून वाट काढली आणि त्या नुसत्या बघत बसल्या, असं झालं असतं. त्यांनी आपणहून दिली होती. एवढ्या चांगुलपणाने दिलेलं मी चोरलं म्हणून कसं सांगू?"

"आणि माझं काय?"

वहिनीने ताटं उचलली आणि आत गेली. मला त्या वेळी तिचा भयंकर राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सत्य बोलायला जगात इतक्या जागा रिकाम्या पडल्यात, हिला नेमकी हीच सापडावी?

कुरणाला फाटक लागलं. दोन दिवसांनी दंतवैद्य स्वतः आमच्या घरी आले आणि त्यांनी फाटकाची किल्ली दादाच्या हातात ठेवली. "तुमच्यापुरती. तुम्ही केव्हाही या. बाकी गर्दी नको, एवढंच." माणूस वाईट नव्हता हो. चांगुलपणा एका वेळी एकाच रुग्णावर करायची त्यांची सवय. दादाने किल्ली खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोरून मुद्दाम खुळखुळवत गेला.

अपेक्षेपेक्षा फार लवकर परत आला. मी विचारलं, "काय झालं?"

"कुणी नाहीये तिथे. एक होडी नाही की माणूस नाही. पाण्याकडे बघत बसायला मी काय कवी आहे?" म्हणाला. "शिव्या घालायच्या कुणाला?" त्याच संध्याकाळी त्याने मला किल्ली परत द्यायला पाठवलं. दंतवैद्यांना कारण काय सांगू, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सांग, दात दुखतोय."

इकडे विभागात नवीनच तमाशा सुरू झाला. लोकांना नदी द्यायची तर बुजवलेली घळ उघडायला हवी. पण घळीत वहिनीची झुडपं, आणि बऱ्या होणाऱ्या जमिनीतलं झुडूप तोडायला आमच्याच विभागाची बंदी. वनस्पतीवाल्या मॅडम झुडपांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "हे आपलं सगळ्यात यशस्वी काम आहे, याला हात लावू देणार नाही." आपल्या यशापुढे हतबल झालेला विभाग मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी असं ठरलं की झुडपं तोडायची नाहीत, मुळांसकट काढून दुसरीकडे लावायची. दुसरीकडे म्हणजे कुठे? तर अधिकारी बाईंच्या हुकुमाप्रमाणे दंतवैद्यांच्या कुरणातली वाटही विभागालाच बुजवून द्यायची होती. तिथे.

तेव्हा वहिनीने दादासाठी बांधलेली वाट वहिनीनेच पुरली. तिच्या टोळीतले लोक म्हणत होते, बाई तुम्ही राहू द्या, आम्ही करतो. ती म्हणाली, तुम्ही दगड उलटे बसवता. एकेक झुडूप उचलून तिने त्या सुरेख उतारावर लावलं, खोडं टाकली, शेवाळाची बाजू वर. काम चोख. मला पाटीसुद्धा नवी करावी लागली नाही, जुनी उपटून चार पावलं पलीकडे रोवली. रोवताना मी एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजा.

मग घळीत पायऱ्या. अरुंद जागा, उभा चढ, तिथे अलगद उतार काढणं देवालाही जमलं नसतं. दगडी पायऱ्या, मध्ये वळणावर थांबायला थोडी सपाट जागा आणि एका बाजूला कठडा. वहिनी सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची. दादा आणि ती एकमेकांशी कामापुरतं बोलत. मीठ दे, दार लाव. एकदा मात्र दादाने माझ्याकडे बघत, तिला ऐकू जाईल असं विचारलं, "कठडा कुठल्या बाजूला आहे?" मी म्हटलं, "उतरताना डाव्या." त्याने पुन्हा जाकिटात सुई खुपसली.

उद्घाटनाला साहेबांनी फीत कापली. भाषणात विभागाच्या दूरदृष्टीचा उल्लेख इतक्यांदा आला की मला चष्मा पुसावासा वाटला. मग लोक धडाधड खाली उतरले, मागोमाग होड्या, आरडाओरडा, कुत्री, त्यांच्या सुटलेल्या दोऱ्या. दादा माझ्याबरोबर आला होता. "वरूनच बघतो," म्हणाला होता. वहिनी तळाशी शेवटचा हलणारा दगड पहारीने सरळ करत होती.

थोडा वेळ दादाने बघितलं. मग दोन्ही कुबड्या माझ्या हातात दिल्या. "धर."

आणि तो पहिल्या पायरीवर चक्क बसला.

"दादा, लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट थोडंच आहे?"

दोन्ही तळवे दगडावर टेकून त्याने अंग उचललं, ताठ पाय पुढे सोडला आणि खालच्या पायरीवर आदळला. मग पुढची. वल्ही मारून कमावलेले हात अजून तसेच होते, बाकीचा दादा सुटला होता. खालून येणाऱ्या एक बाई थबकल्या, म्हणाल्या, "मी काही मदत करू का?" "करा ना, बाजूला व्हा." आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, तळापर्यंत ऐकू जाईल असा. "ही उंच झालीये. ही बुटकी. ही कुणी बसवली, डोळे मिटून?" मी मागे कुबड्या घेऊन, लोकांच्या नजरा चुकवत.

वहिनीने वर बघितलं. मला वाटलं, धावत येईल. ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. पहार तशीच हातात. तो एकेक पायरी घेत खाली आला, विजारीची मागची बाजू फाटली, तळवे सोलवटले, पण ती जागची हलली नाही.

तळाशी आल्यावर दादा सरपटत काठापर्यंत गेला आणि त्याने दोन्ही पाय पाण्यात सोडले, वाकणारा आणि न वाकणारा. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मग तिने विचारलं, "सगळ्यात वाईट कुठली?"

"वळणावरची," दादा पाण्याकडे बघत म्हणाला. "कड टोचते. आणि वर जाताना तिथे हात टेकायला काही नाही. रोज कसं जमणार?"

'रोज' ऐकलं आणि वहिनी मटकन खाली बसली आणि रडली. मातीने भरलेले हात तोंडावर घेऊन, सगळ्या गावासमोर, उमाळ्याने. दादाचा पाय गेला तेव्हा दवाखान्यात ती रडली नव्हती, डॉक्टरांना जिन्याचा कठडा सैल असल्याचं सांगत होती. दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुरे. नाक पूस, माती लागलीये." मला त्या दोघांची इतकी माया आली की मी पाठ फिरवून उगाच समोरचा कडा न्याहाळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहुण्यांना नवी वाट दाखवायला घेऊन आले, तर वळणावरची पायरी उखडलेली आणि वहिनी तिथे दगड फोडत बसलेली. साहेब म्हणाले, "अहो, काल उद्घाटन झालं, आज ही तोडफोड कसली?"

"तक्रार आलीये," वहिनी म्हणाली.

"एका दिवसात? कुणाची?"

"रोज येणाऱ्याची."